ढील

दाभोळच्या धक्क्यावर माझं दुकान.
फिशफाइंडर, वायरलेस, ट्रॉलरच्या बॅटऱ्या.
खारं वारं तांब्याला हिरवं करतं
आणि ते खरवडून मी पोट भरतो.
रेकॉर्ड-प्लेयर एकच, तोही एका तांडेलाने
बिलाऐवजी टेकवलेला.

त्याच्यासाठी आले शरफूचाचा होडेकर.
लुंगीवर इस्त्रीचा शर्ट, काखेत चौकोनी पुठ्ठा.
लीड्सला नर्स असलेल्या नातीने पाठवलेली तबकडी.
"साठ वर्षांनी परत काढली, तीनशेच.
आपली एकशे बारावी."
किंमत सांगितली. मी मनात हिशेब केला:
बांगड्याचे दोन क्रेट,
तेही नारळी पुनवेच्या भावाने.

चाचा जहाजावर आगवाले.
टिलबरीच्या गोदीत पाय मोडला, जहाज निघून गेलं,
आणि बासष्टच्या हिवाळ्यात
लंडनच्या एका तळघरात ते झाडू मारायला लागले.
तिथे मिस थर्लो नावाची बाई संगीत करायची
आणि वाद्य एकही नव्हतं.
सैन्याने भंगारात काढलेले ऑसिलेटर,
दाढीचं पातं, चिकटपट्टी,
आणि टेप, ढिगांनी टेप.
भांड्यावर टोला मारायची, आवाज भरून घ्यायची,
मग पात्याने टोला छाटून
मागची गुंज तेवढी जोडत बसायची.
"मुंडकं टाकायचं, तुकड्या ठेवायच्या," चाचा म्हणाले,
"कोळणीचंच काम."

टेपचं वेटोळं खोलीत मावेना.
मग ते दारातून बाहेर, लांब बोळात,
आणि बोळाच्या टोकाला चाचा,
हातात उभी पेन्सिल धरून.
पेन्सिलीभोवती टेप फिरत राहायची, तासन्‌तास.
ताण वाढला की सूर थरथरायचा,
सुटला की रडायचा.
साहेबांतल्या कुणालाच ते साधेना.
यांना साधलं.
यांची आई माडाखाली सुंभ वळायची
आणि दुसरं टोक
सहा वर्षांच्या शरफूच्या मुठीत असायचं.

पाकिटात बारा पानी पुस्तिका होती.
खोक्यांचे नंबर, टेपची जात, बाईंचा चष्मा,
कोणत्या महिन्यात वीज गेली तेसुद्धा.
चाचांचं नाव नाही.
पण नवव्या पानावर अख्खा परिच्छेद:
दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे,
खरखरीत बुडालेला एक माणसाचा आवाज.
जुन्या तबकड्या जमवणारे त्यावर भांडत आलेत.
कुणाला तो सांकेतिक निरोप वाटतो, कुणाला भूत.
लेखकाचं मत: 'डील-डे', म्हणजे कराराचा दिवस.

मी मोठ्याने वाचलं.
चाचा इतके हसले की कवळी सावरावी लागली.
"ढील दे! ढील दे रे!
टेप तुटायला आली होती,
आणि इंग्रजी एक अक्षर आठवेना."

सुई टेकवली.
आधी गुणगुण, बंद फ्रीजसारखी,
मग चाळीस वाव पाण्यातून परत येणारी टिक्‌,
मग काहीतरी, ज्याला मी नाव देणार नाही.
दोन खलाशी दारात थबकले:
"सेट बिघडला काय?"
"नाही," मी म्हटलं. "हा असाच आहे."

शेवट जवळ आला.
आणि तिथे काही नव्हतं.
लख्ख, पुसून घेतलेलं.
पुठ्ठ्याच्या पाठीवर अभिमानाने छापलं होतं,
की जुनी खरखर पूर्ण काढली आहे.

मला हे ठाऊक आहे.
फिशफाइंडरवर खरखर कापायचं बटण असतं.
नवा तांडेल ते शेवटपर्यंत पिळतो,
पडदा स्वच्छ होतो, तो खूश होतो,
आणि होडीखालून जवळ्याचा थवा
न दिसता निघून जातो.

चाचांचे कान बॉयलरपाशीच गेलेले.
ते स्पीकरवर ओणवे होते,
अंगठा आणि दोन बोटं हवेत,
मधे पेन्सिल नसलेली.
त्या जागी त्यांचे ओठ हलले.
मला ऐकू आलं.

"आलं ना?" त्यांनी विचारलं.

धक्क्यावर फेरीबोटीचा दोर सोडत होते.
"आलं," मी म्हणालो,
आणि सुई उचलायचं विसरलो.